शनिवारचा कोंबडा

नात : नाही म्हणजे नाही! त्या कोंबड्याच्या पोशाखाला तुम्ही सुई लावायची नाही, आजोबा.

आजोबा : अगं भिंगरी, आधी त्या पिसांवरून ऊठ. तुझ्याखाली अख्खी शेपटी चिरडलीय.

नात : चिरडू दे! तिकडे अस्वल बनून कुस्ती लढणाऱ्या अस्वलकाकांना कोंबडा बनवताहेत, आणि तुम्हाला शेपटीची पडलीय.

आजोबा : कुस्त्यांचा खेळ मालकांचा, रिंगण मालकांचं. मी शिंपी. सांगतील ते शिवायचं.

नात : आणि टाळ्या कुणाच्या? आमच्या! अस्वलकाका आले की अख्खं मैदान उभं राहतं. मालकांचा भाचा आला की लोक पाणी प्यायला उठतात. तरी शनिवारी जिंकणार कोण? भाचा! आणि अस्वलकाका कोंबड्याच्या वेषात हरणार.

आजोबा : कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, हे काय तुला आज कळलं?

नात : ठरलेलं असतं हो, पण ठरवणाऱ्याला डोळे नकोत?

आजोबा : तुझं काहीतरी शिजतंय. बोल.

नात : आमच्या गल्लीतलं कुणीही शनिवारी जाणार नाही. वर्गातलंही नाही. रिकाम्या खुर्च्या बघून मालकांची चांगली जिरेल.

आजोबा : बरं. एवढा दोरा ओवून दे. हं... आता तू मालक हो.

नात : मी?

आजोबा : हो. अस्वलाची लढत आहे आणि खुर्च्या रिकाम्या. काय म्हणशील?

नात (पोट पुढे काढून, जाड आवाजात) : "हे काय? कुणीच कसं आलं नाही? अस्वलाला बघायला आता..." अय्या!

आजोबा : थांबलीस का?

नात : "अस्वलाला बघायला आता कुणी येत नाही. काढून टाका त्याला." आजोबा, म्हणजे आम्हीच त्यांना घरी बसवणार होतो!

आजोबा : दोऱ्याला गाठ मारायची राहिली बघ.

नात : मग जातो, आणि भाच्याची हुर्यो उडवतो. मागच्या वेळी घसा बसेपर्यंत उडवली होती.

आजोबा : परत मालक हो.

नात : "वा! भाच्यावर लोक किती चिडतात! रंगतोय गडी. पुढचाही शनिवार त्यालाच द्या." शी! मला नाही व्हायचं मालक.

अस्वल : येऊ का, मास्तर? माप द्यायला आलोय. कोंबड्याचं.

आजोबा : ये, ये. दारात वाकून ये, मागच्या खेपेला चौकट हलवलीस.

नात : अस्वलकाका, तुम्ही नाही म्हणा ना!

अस्वल : म्हटलं होतं, बाळा. मालक म्हणाले, मग घरी बस. घरी बसलो की बायको भांडी घासायला लावते, आणि माझ्या हातात एक कप टिकत नाही.

नात : हसू नका हो. तुम्हाला वाईट नाही वाटत?

अस्वल : वाटतं की. काल आरशासमोर आरवून बघितलं. बायको पोट धरून हसली. मग एकदम हसायची थांबली. तेव्हा जास्त वाटलं.

आजोबा : हात वर कर. पोट आत ओढू नकोस, रिंगणात बाहेर येईलच ते.

अस्वल : हरायची भीती नाही, मास्तर. मी नीट पडतो म्हणून तर तो भाचा दणकट दिसतो. पण लोक एकदा कोंबड्याला हसले, की पुढे मी अस्वल म्हणून आलो तरी त्यांना कोंबडाच आठवेल.

नात : आजोबा, हे लाल कापड कशाला?

आजोबा : डोक्यावरच्या तुऱ्याला. मालकांनी ताग्याचा तागा पाठवलाय. लागणार वीतभर.

नात : आणि उरलेलं?

आजोबा : उरलेलं शिंप्याचं. आमच्या धंद्यात तसंच चालतं.

नात : मग... मैदानात सगळ्याच मुलांच्या डोक्यावर तुरा असला तर?

अस्वल : सगळेच कोंबडे?

नात : मग एकट्या तुम्हाला कोण हसणार? भाचा आला की आम्ही चिडीचूप. हुर्यो नाही, टाळी नाही. आणि तुम्ही पडलात की सगळे उभे राहून आरवणार!

आजोबा : आता शेवटचं. मालक हो बघू.

नात : "अरे... अरे, हे काय चाललंय? बरं, अस्वलाला पुढच्या शनिवारीही ठेवा! आणि उद्यापासून तुरे विकायला काढा!"

अस्वल : काढणार! दारातच दुकान मांडणार, बघ तू!

आजोबा : मांडू दे. भिंगरी, मोठी कात्री घे. कापडाची घडी घालून काप, म्हणजे एका कापात चार-चार निघतील.

नात : मला येईल?

आजोबा : पहिले दोन-तीन वाकडे येतील. ते मला ठेव, मी घालीन.

अस्वल : मास्तर, तुम्ही येणार? तुम्ही तर कधीच येत नाही.

आजोबा : आरवायला माणसं नकोत का? पाठ फिरव, शेपटीचं माप घेऊ दे.

नात : काका, डोळे का पुसताय?

अस्वल : पिसं गं ही. कुठेही जातात. मास्तर, ही शेपटी एका बाजूने चेपलीय का हो?

नात : मी बसले होते तिच्यावर. तुमच्यासाठी भांडत होते.

अस्वल : मग राहू द्या, मास्तर. तशीच लावा.