लोकरीचे तीन लोड

...अन् वरून लोक मलाच म्हणायलेत, कासाबाईनं नवऱ्याला नवाब केलं! आता तुमाला सांगते, मी काय हौसेनं टेकवलं का?

परभणीच्या दवाखान्यात नरसबाईनं धन्याच्या नडगीवर अंगठा दाबला, काढला, तर हा खड्डा! भरंच ना! छातीला नळी लावली, नाडी बघितली अन् म्हणाली, "कासाबाई, यांचं काळीज थकलंय, पायात पाणी उतरलंय. मीठ बंद. हे औषधाचे थेंब रोज द्या, पण आधी नाडी मोजा, फार हळू लागली तर देऊ नका. आणि आडवं निजवू नका, दम कोंडेल. तीन लोड लावून टेकवा." धनगराच्या घरी लोड कुठला हो? घरातली होती नव्हती ती लोकर फाटक्या घोंगड्यात कोंबली अन् शिवले. हौस होती का मला?

पर आमच्या चुडावा गावात लोडाला टेकून निकाल द्यायचा तो एकट्या माणिकराव पाटलानं! धनगराचा येडबा टेकलाय म्हणल्यावर आले की लोक भांडणं घेऊन. "येडबातात्या, ह्यानं माझी बाभळ तोडली, तुमीच सांगा." अन् आमचे धनी... सांगायलेत की! नाडी टणाटणा उडायली, मी थेंबाची बाटली घेऊन उभी, तर म्हणतात, "थांब गं, निकाल चालू हाय!"

मग काय, पाटील आले तणतणत. "येडब्या, माझ्यासमोर टेकतोस? ओढा रे ते लोड!" शिपायानं ओढला. धनी घसरले, ओठ निळे पडले... मी त्यांना उचलून पुन्हा टेकवलं. पाटलाचे पाय धरले. "मालक, हौसेनं न्हाई टेकवलं!" अन् धरल्या धरल्या, सवयच लागलेली, अंगठा दाबला. काढते तर... खड्डा!

म्हणलं, "मालक, आडवं झाल्यावर दम कोंडतो का?"

पाटलानं पाय झटकन मागं घेतला. "तुला कुणी सांगितलं?"

गेले परभणीला. नरसबाईनं त्यांनाबी तेच सांगितलं, मीठ बंद, तीन लोड. पाटलाकडं दोनच! आला की शिपाई आमचा तिसरा न्यायला. न्हाई म्हणता येतंय का? अन् मेंढरं कातरल्याबिगर नवी लोकर कुठली? म्हणून तिसऱ्या लोडाच्या जागी रातभर मीच बसायले, धनी माझ्या पाठीला टेकून खुशाल घोरायलेत... अन् शेजारीण गावभर सांगती, कासाबाईला बसल्या-बसल्या झोपायची लय हौस!