घुबडवाल्यांची तीन गावं

— नाही नाही, बोलू नका, कापूस निसटेल. सुई टोचून झालीय, आता दहा मिनिटं जाऊ देत, गाल जड झाला की आपण बघू. तोवर नुसतं ऐका. मघाशी बाहेरच्या बाकावर तुमच्या मांडीवर ते पुस्तक दिसलं म्हणून विचारते हो — चौथा खंड ना? धरण फुटलं का? मान हलवू नका, हो असेल तर डोळे मिटा. फुटलं! बरं झालं, नाहीतर मीच सांगून बसले असते आणि तुमचे शिव्याशाप घेतले असते.

मग आता मनापासून सांगा, त्या तांबड्या सेनापतीनं केलं ते बरोबर केलं? समोर शत्रूचे चाळीस हजार, पाठीशी राजधानी, डोक्यावर धरण — फोडलं धरण! चाळीस हजार वाहून गेले, राजधानी वाचली, जिकडेतिकडे जयजयकार. आणि खाली खोऱ्यात घुबडवाल्यांची तीन गावं होती, त्यांचं काय? शत्रू नव्हते हो ते, ह्याच्याच बाजूचे! हिवाळाभर त्यांनी ह्याला चुलीपुढची जागा दिली, ह्याची जखम धुतली. तुम्ही म्हणाल, बैलाएवढाली घुबडं होती त्यांच्याकडे, बसायचं पाठीवर आणि उडून जायचं — अहो, पण भर दुपारी फोडलं त्यानं! दुपारी त्या घुबडांना दिसत नाही, हे पहिल्या खंडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि इशारा कुणाबरोबर पाठवला? कावळ्याबरोबर! घुबडांच्या गावात कावळा! पोचेल का तो धड? मी म्हणते, हा इशाराच नव्हे. उद्या कुणी जाब विचारला तर ‘सांगितलं होतं की’ म्हणायची सोय आहे ही.

पण दादाला पटेल तर ना. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ — ही प्लायवूडची भिंत दिसतेय ना, तिच्या पलीकडे बसतो. तोही दातांचाच डॉक्टर, दवाखाना दोघांचा. आत्ता मशीन फिरतंय त्याचं, त्यामुळे ऐकू जाणार नाही, तरी जरा हळूच बोलते. ही पुस्तकं त्यानंच लावली मला. एक खंड आणायचा, आधी त्यानं वाचायचा, मग मी, मग दुपारी डबा खाता खाता भांडायचं — असं अकरा वर्षं चाललं होतं, काही बिघडलं नाही. आणि मग हे धरण आलं. मी म्हटलं, खुनी आहे तो. दादा म्हणाला, लाखभर माणसं वाचली, तू गणित कर. मी म्हटलं, ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचं गणित नसतं करायचं. तर म्हणतो कसा, “तू नाही का जबडा वाचवायला एक दात उपटत? तेच ते.” मी म्हटलं, “दादा, मी त्या दाताच्या घरी चार महिने जेवलेली नसते!” त्या दिवशी दादाच्या घरी जेवत होतो, वहिनी बिचारी मध्ये पडली, “अहो, नसलेल्या घुबडांपायी ताटावरून उठू नका” — पण दादा उठला. आणि दारातून काय म्हणाला? “तुला भावना कळतात, युद्ध नाही कळत.”

मला युद्ध कळत नाही! मग मीही दाखवलं त्याला. रविवार निवडला. रविवारी सकाळी तो तासभर पोहायला जातो, तिथून तडक सासुरवाडीला, संध्याकाळपर्यंत इकडे फिरकत नाही. आधी एक्स-रेचं मशीन माझ्या बाजूला ओढलं — ते हातातून गेलं की निम्मा लढा संपला — मग सुताराला आत घेतलं. चार तासांत दवाखान्याच्या मधोमध भिंत उभी. खिडकी माझ्याकडे, पंखा माझ्याकडे. सोमवारी सकाळी तो आला आणि — नुसता उभा राहिला हो. हातात दोघांचा डबा होता. डबा टेबलावर ठेवला आणि आपल्या बाजूला गेला.

काय बघताय असं? सांगितलं होतं की मी त्याला! फोन केला होता आदल्या— त्याच दिवशी. सकाळी. आता त्या वेळेला तो पाण्यात असतो, त्याला मी काय करणार? ... ते वेगळं. अहो, ते अगदीच वेगळं आहे, डोळे वटारू नका, तिथं कुणी बुडालं नाही. आणि मला काय मिळालं त्यातून? हात धुवायचं बेसिन त्याच्याकडे राहिलं, मी मागच्या मोरीत जाते. पुस्तकांचं कपाटही तिकडेच. पाचवा खंड घरी होता म्हणून वाचला. सहावा येऊन तीन महिने झाले, विकत घ्यायला दुकानापर्यंत जाते आणि परत येते. एकटीनं वाचून भांडू कुणाशी? भिंतीला आठ महिने झाले. त्याच्या पेशंटला एक्स-रे लागला तर बाजारापलीकडे पाठवतो, पण इकडे नाही.

काय? काय झालं? खिशात? मघाशीही काहीतरी सांगत होतात तुम्ही, पण तोवर मी सुई टोचली होती. चिठ्ठी? द्या — अहो, हे तर दादाचं अक्षर. ‘खालची उजवी अक्कलदाढ. फक्त फोटो काढून पाठव.’ फक्त फोटो? म्हणजे तुम्ही त्याचे पेशंट — मग मी सुई कशाला — बरं, ते राहू द्या, उतरेल दोन-तीन तासांत, माझ्याकडून फुकट समजा. ‘पाठव’ लिहिलंय. बघितलंत? ‘पाठवावा’ नाही, ‘पाठव’ लिहिलंय त्यानं.

थांबा, खाली आणखी आहे. बारीक अक्षरात. ‘सहावा वाचला. शेवटी सेनापती त्या तीन गावांत एकटाच परत जातो आणि तिथंच मरतो. तरी माझं मत कायम —’

मरतो? सेनापती मरतो? अरे मेल्या, मी अजून वाचला नव्हता! हे मुद्दाम केलंय त्यानं, बघा, मुद्दाम! दादा! ए दादा, बंद कर ते मशीन आधी! — तुम्ही बसा हो, मी जाऊन येते. किती वेळ लागेल सांगता यायचं नाही. तोंड मिटू नका.