ती एक ओळ वर नेली

माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता ना, तेव्हाची गोष्ट. टीमक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये मी एकाच स्क्रीनवर चार टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडक्या, उघडून काम करते, आणि एकातून दुसऱ्यात जायची बटणं नेमकी उजव्या हाताची. मी माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ती बदलून डाव्या हाताशी आणली. टीमची सगळ्यांसाठी असलेली फाइलही हवीच होती, म्हणून ती आत ओढून घेणारी एक ओळ शेवटी टाकली. झालं, माझी बटणं गायब!

ऑफिसात शेजारी बसणारा महेश म्हणाला, "सुट्टी घे ना यार. चारकोपहून अंधेरीला अशी येतेस कशाला?"

"हात मोडलाय रे, डोकं नाही."

दोन दिवस डाव्या हाताने टाइप करत कारण शोधलं. टीमची फाइल माझ्या बदलांनंतर वाचली जात होती, म्हणून माझी बटणं पुसली जात होती. ती ओळ सगळ्यात वर नेली आणि काम झकास सुरू झालं.

महेश मागे उभा राहून बराच वेळ बघत होता. मग हळूच म्हणाला, "ती फाइल मला पण दे गं. मी डावखुरा आहे, आणि इतकी वर्षं मुकाट उजव्याने ती बटणं मारतोय."