दवंडी आमच्या गल्लीत

माझं माहेर भडगावकडचं, गिरणेच्या काठाचं, आणि मला दिलं पार साक्रीकडं, डोंगराच्या अंगाला. माय म्हणाली, लांब शे पन मानसं चांगली शेतस, आणि ते खोटं नव्हतं, काय सांगू तुम्हाला, माणसं चांगलीच होती. माझा बाप हट्टी होता, बौद्धवाड्यातल्या पोरी शेण वेचायला जायच्या तेव्हा मला शाळेत हाकलायचा, म्हणून मी सातवी पास होऊन सासरी आले, आणि सासरी त्या सातवीचं लोणचं घालायचं होतं का ते कोणालाच माहीत नव्हतं. मी शेतात निंदायला जायची, बठ्ठ्या म्हणजे सगळ्या बायांसारखी. आता मी अशी शहरी बोलते ना, ती संस्थेत राहून राहून जीभ वळली, घरी आमची अहिराणीच.

माझे सासरे गावचे कोतवाल, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गावात काही खबर द्यायची असली की आबा डफडं घेऊन निघायचे. आमच्या बौद्धवाड्यातली तरणी पोरं म्हणायची, आबा, टाका ते डफडं, आपण बौद्ध झालो ना, आणि आबा म्हणायचे, कोतवालकी सरकारनी शे, तुना बापनी नही. पाटील गल्ली, वाणी गल्ली, मारुतीचा पार, सरपंचाचा ओटा, एवढी त्यांची फेरी. तिथून घरी. आमच्या वाड्यात डफडं कधी वाजलं नाही आणि पलीकडं नाल्यापाशी भिलाटी, भिल्लांची वस्ती, तिथं तर प्रश्नच नाही. आबांच्या बापाचीही फेरी तेवढीच होती, असं सासू सांगायची.

तर एक दिवस आबा असेच दवंडी देऊन आले, मी ताटात भाकरी आणि ठेचा वाढला, विचारलं, आबा, आज कशानी दवंडी व्हती, तर म्हणाले, गावनं काहीतरी. मी ताट उचललं. आणि पुढच्या आठवड्यात कळलं की धुळ्याहून, देवपुरातून, कोणी संस्था आलीय, पोराबाळांच्या दवाईसाठी, आणि पाटलाच्या सूनबाईला, कमलवैनीला, त्या संस्थेनं नोकरीवर घेतलंय. आम्ही म्हटलं असंल, मोठ्या घरची शे, घेतलं असंल.

कमलवैनी वाईट नव्हती हो, आजही माझ्याशी बोलते, तिच्याबद्दल मी वावगं ऐकून घेणार नाही. पण तिच्या सासूनं सांगून ठेवलं होतं, बौद्धवाड्यात पाय ठेवायचा नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या मित्राला जुलाब लागले. मित्रा म्हणजे माझी पोर, नाव संघमित्रा, नुकतीच चालायला लागली होती. माझा नवरा धावत गेला, वैनी म्हणाली, सासूबाई गावाहून आल्या की विचारते, मग पुडी देते. दुपार गेली. सांज झाली तेव्हा वैनीनं वेशीवरच्या दगडावर पुडी ठेवली आणि लांबून हाक मारली. ती पुडी पाण्यात घालून पाजायची असती, मला तेही माहीत नव्हतं, वैनीनं लांबून काय ओरडून सांगितलं ते वाऱ्यात गेलं, आणि तोवर पोरीचे डोळे आत गेले होते. संपलं. मी रडले नाही. बाया म्हणाल्या, रड गं, छाती मोकळी कर, पण आत काही हललंच नाही, आणि खरं सांगू, तेव्हापासून नीट हललेलं नाही.

मग संस्थेच्या डॉक्टरीणबाई आल्या. पोर गेली कशी, पुडी पोचली का नाही, हे बघायला. आमच्या ओसरीत गोणपाटावर बसल्या, मी दिलेलं पाणी प्यायल्या, आणि बोलता बोलता माझी सातवी निघाली. बाई म्हणाल्या, अहो, मग तुम्ही ओट्यावर का नाही आलात, आम्हाला लिहिता-वाचता येणारी बाईच हवी होती. मी म्हटलं, कोणत्या ओट्यावर? त्या म्हणाल्या, म्हणजे काय, दवंडी दिली होती की गावभर, नोकरीसाठी सरपंचाच्या ओट्यावर या म्हणून. सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. भिंतीला टेकून आबा बसले होते, हातात विडी. म्हणाले, ती गावनी दवंडी व्हती, बाई. आपली नही.

मी त्यांच्यावर ओरडले का? नाही. काय ओरडणार, त्या माणसाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की आपणही गावच आहोत म्हणून. राग आला होता, खूप आला होता, पण आला आणि आतच निजला.

बाईंनी मात्र देवपुरात जाऊन भांडण केलं म्हणे. तिथले साहेब म्हणाले, सरपंचाला दुखवून खेड्यात काम होत नसतं. बाई म्हणाल्या, मग पोरं मरू द्यायची का? पुढं माणसं घ्यायची रीत बदलली. ओटा बंद, शाळेच्या, आमच्या अहिराणीत शाया, तिच्या मैदानात सगळ्यांनी भुईवर बसायचं, सवाल-जवाब अहिराणीत, भिलाटीतली बाई निरक्षर असली तरी चालंल, आणि दवंडी भिलाटीपासून सुरू करायची, मग बौद्धवाडा, गाव शेवटी.

त्या दिवशी आबा भिलाटीतून आमच्या गल्लीत शिरले. मी पीठ मळत होते. डफडं वाजलं आणि घराघरातून माणसं बाहेर, कोण मेलं म्हणून. आबांनी ऐका हो ऐका म्हटलं आणि पुढचं बोलता येईना. तसेच आमच्या दारापुढं उभे. गावापुढं जन्म ओरडण्यात गेला, त्याला स्वतःच्या सुनेपुढं आवाज फुटेना. मी पिठाच्या हातानं उभी. मग खाली बघत म्हणाले, बठ्ठासनी या, शायमा या, दवाईनी नोकरी शे.

मला घेतलं. भिलाटीतून लाडकीबाईला घेतलं, ती सुईणपण करायची. पाटलाची म्हातारी पहिल्यांदा मला म्हणाली, पुडी ओट्यावर ठेव, मी म्हटलं, हातात घ्या नाहीतर परत नेते. घेतली. कमलवैनी पुढं वाड्यात यायला लागली, सासूशी भांडून, हे तिचं मोठेपण.

आता नव्या बाया घ्यायच्या असल्या की देवपुरात मलाही खुर्चीवर बसवतात. पाहुणे येतात, भाषणं होतात, बघा आमच्या संस्थेत सगळ्या समाजाच्या बाया, टाळ्या पडतात, माझ्या गळ्यात हार घालतात. मला काही वाटत नाही. मी एकच विचारते, खबर कुठवर गेली होती? एखादी वस्ती सुटली असली की म्हणते, आज कोणाला घ्यायचं नाही, पुन्हा सांगा. साहेब वैतागतात. वैतागू द्या.

आबा गेले परवाच्या थंडीत. पण त्या दिवसानंतर, काय सांगू तुम्हाला, पाटलाची म्हैस हरवली तरी त्यांची पहिली दवंडी आमच्या दारात. आम्हाला काय करायचं होतं पाटलाच्या म्हशीचं? तरी यायचे, उभे राहायचे, पुरतं सांगायचे, आणि जागचे हलायचे नाहीत. मी आतून म्हणायची, ऐकलं, आबा. मग पुढं जायचे. पोरीचं नाव त्यांनी कधी काढलं नाही, मीही नाही.

बसा, चहा घेऊन जा. सुखी राहा. खबर तुमच्या दाराशी वेळेवर येत राहो, एवढंच म्हणते.