ताणावर सोडलेली

बेबीताई : पुन्हा लावा.

खुशालराव : लावला ना. घंटी वाजते, उचलत नाही.

बेबीताई : पुन्हा लावा म्हणलं.

खुशालराव : बसमधी रेंज येते न् जाते. अकोट गेलं का लागन.

बेबीताई : तुमची रेंज आली तरी पोरीनं उचलला पायजेन ना. अकोल्याच्या होस्टेलातली तिची रूमवाली रागिणी, ते सकाळी आंघोळीले गेली तं प्राजूनं आतून कडी लावली. तवापासून बिचारी दार वाजवून राहिली. आतून म्हणते, वाचून राहिली, जा. दार काही उघडत नाही.

खुशालराव : म्हणते ना वाचून राहिली? मंग वाचत असन. डॉक्टरीची परीक्षा आहे, काही खेळ नाही. अन् आभाळ आलं म्हणजे गारपीटच होते, असं नसते बेबी.

बेबीताई : आता ते आभाळ-गारपीट काही नोका सांगू मले. कालपासून मेसमधी गेली नाही लेकरू.

खुशालराव : तू घाबरली का मलेही घाबरवतं.

बेबीताई : संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला होता. टेस्टमधी मार्क कमी पडले म्हणून रडून राहिली होती. दोन दिवस घरी येऊ का, म्हणे. तुमी काय म्हणले तिले?

खुशालराव : काय म्हणलो. सारेच बाप म्हणतात ते.

बेबीताई : सारे बाप म्हणतात अभ्यास कर. तुमी काय म्हणले ते सांगा.

खुशालराव : तू होती ना तिथंच.

बेबीताई : तुमच्या तोंडून आयकाचं आहे.

खुशालराव : म्हणलो, संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडून त्याले ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही. तुलेबी आता ताणावर सोडलं समज.

बेबीताई : आन् फोन ठेवून देल्ला.

खुशालराव : आवं, बोलाची एक रीत असते. 'येऊ नोको' म्हणलं असतं तं तिले लागलं असतं. म्हणून जरा फिरवून सांगतलं. गावात कोणाचंही लग्न असो, माइक माह्याच हाती देतात. काहून देतात?

बेबीताई : लग्नातली माणसं टाळ्या वाजवतात, जेवतात, घरी जातात. तुमचं बोलणं तिथंच पत्रावळीवर राह्यते. हे पोरगी ते सोबत घेऊन गेली.

खुशालराव : म्हणजे?

बेबीताई : रागिणीनं सांगतलं मले आज. तुमचं ते वाक्य तिनं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं. संक्रांतीपासून एकच वेळ जेवते. रागिणीनं विचारलं काहून, तं म्हणे माहा ताण चालू आहे. माहा फोन उचलत नव्हती, मी म्हणो अभ्यासात असन. तं तेही तेच. घरचा फोन म्हणजे पाणी, म्हणे.

खुशालराव : असं म्हणे?

बेबीताई : असंच.

खुशालराव : जेवू नोको असं मी कधी म्हणलो? मायसंगं बोलू नोको असं म्हणलो?

बेबीताई : तुमी झाड म्हणले, ते झाड झाली. लहानपणापासून तुमचं बोलणं तोंडपाठ आहे तिले. शाळेत निबंधात तुमचीच वाक्यं लिहे न् बक्षीस आणे. तवा पारावर बसून सांगत होते ना, माही लेक नुसते शब्द नाही वाचत, शब्दाच्या मांगचं वाचते.

खुशालराव : तिच्या मराठीच्या बाईही म्हणल्या होत्या, उपमा द्यावी तं या पोरीनं.

बेबीताई : द्याले शिकवली बाईनं. ते कुठी सोडून द्याची, हे कोणी शिकवलं नाही. तुमीबी नाही.

खुशालराव : आता सारं माह्याच डोक्यावर टाक.

बेबीताई : एक सांगा. बगीचा ताणावर असते तवा सकाळी उठून पह्यले कुठी जाता तुमी?

खुशालराव : बगीच्यात. दुसरं कुठी जाईन?

बेबीताई : कायले?

खुशालराव : पान पाहाले. पानानं मान टाकली, गळाले लागलं, का ताण तोडा लागते. हलकं पाणी सोडा लागते लगेच. तिथं आळस केला तं बहार राह्यते बाजूले, झाडच हातचं जाते.

बेबीताई : रोज जाता?

खुशालराव : रोज.

बेबीताई : औंदा अंगात ताप होता तरी गेले.

खुशालराव : जा लागते.

बेबीताई : आन् परवा पाणी सोडलं बगीच्याले. आता अकोल्याले कितीदा गेले ते सांगा.

खुशालराव : खिडकी लाव ते. वारं लागून राहिलं.

बेबीताई : बोला ना. गावाले पुरते इतकं बोलता तुमी.

खुशालराव : फोन वाजून राहिला तुहा.

बेबीताई : हॅलो, रागिणी? हो बाई, अकोट सोडलं आता. ... काय? ... आता आवाजही देत नाही? ... कवापासून? ... वॉर्डनबाईले बोलाव. दार तोडा म्हणा. नाही, नाही, आमची वाट नोका पाहू तुमी. मी तिची माय सांगून राहिली ना, तोडा. ... फोन चालू ठेव बाई. हॅलो? हॅलो?

खुशालराव : काय म्हणे?

बेबीताई : कटला.

खुशालराव : बेबी, काय म्हणे ते सांग.

बेबीताई : आवाज देणं बंद झालं प्राजूचं.

खुशालराव : मले भेव लागून राहिलं.

बेबीताई : मलेबी.

खुशालराव : हात दे इकडे. मले लय भेव लागून राहिलं, बेबी.

(अकोला. मुलींच्या होस्टेलची खोली, दाराची कडी उखडलेली. प्राजक्ता पलंगावर उशीला टेकून बसली आहे. हाताला सलाईन लावून काढल्याची पट्टी, उशाशी साखरपाण्याचा ग्लास.)

प्राजक्ता : तुमी काहून आले बाबा? आई, मी बरी आहे.

बेबीताई : बोलू नोको. पे आधी ते. सारं पे.

प्राजक्ता : मी मुद्दाम गप्प नव्हती. दार उघडाले उठली आन् डोळ्यापुढं अंधारच आला. मंग काही आठवत नाही.

बेबीताई : डॉक्टर म्हणे पोटात अन्न नाही. माह्या पोरीच्या पोटात अन्न नाही. घरी डालडाचे डबे भरून ज्वारी आहे.

प्राजक्ता : रडू नोको ना आई.

खुशालराव : भिंतीवरचं हे...

प्राजक्ता : तुमचंच आहे.

खुशालराव : हो. मीच म्हणलो होतो.

प्राजक्ता : बाबा, मी सारं केलं. घर बंद, फोन बंद, जेवण अर्धं. तरी परवाच्या टेस्टमधी मार्क अजून कमी आले. बहार नाही फुटला. माह्यातच काही कमी असन.

खुशालराव : नाही व माय.

प्राजक्ता : मंग काहून नाही फुटला?

खुशालराव : पाह्य पोरी, जमीन भारी असो का हलकी, माळ्यानं जर...

बेबीताई : अहो.

खुशालराव : हो. राहू दे ते.

प्राजक्ता : माळ्यानं जर काय, बाबा? सांगा ना. मी लिहून ठेवते.

खुशालराव : लिहू नोको काही. प्राजू, तू काय खाशीन?

प्राजक्ता : म्हणजे?

खुशालराव : काय खाशीन म्हणलं.

प्राजक्ता : याचा अर्थ काय, बाबा?

खुशालराव : अर्थ काही नाही, बेटा. तू काय खाशीन, इतकंच विचारून राहिलो.