अस्सल पितळेची समई

कंपनीनं दिलेल्या भेटीचं कौतुक माझ्यापुढे नका सांगू, चहा कडू होतो माझा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचे दादा, म्हणजे वडील, पनवेलजवळ पितळेच्या कारखान्यात भंगार तपासायचे. भट्टीत लोखंड गेलं की सगळा माल फुकट, म्हणून खिशात कायम चुंबक. लोखंडाला चिकटतं, पितळेला नाही. भांड्यांच्या दुकानातसुद्धा त्यांचा हात आपोआप खिशात जायचा.

निवृत्तीच्या दिवशी मॅनेजरनी समई दिली. "दादा, अस्सल पितळ हं!"

दादांनी सवयीनं चुंबक लावलं. टक्कन चिकटलं. आत लोखंड, वर नुसता मुलामा.

मॅनेजर हसत म्हणाले, "बघा, आजही चेकिंग चालूच!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी चुंबक ओढून काढलं आणि हात जोडले.

आई ती समई दर शुक्रवारी चिंचेनं घासायची. पहिल्याच पावसाळ्यात मुलामा गेला, बुडाला गंज धरला.

"अहो, पितळेला असा तांबडा गंज येतो का?"

लोखंडाचा एक तुकडा सापडला तर अख्खी गोणी परत पाठवणारा माणूस पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "येतो कधीकधी."