एकशे बत्तीस तास गैरहजर

...आणि वर मलाच विचारतायत, ‘होतीस कुठे?’ अहो, होते कुठे म्हणजे? वर्गात होते! गणिताच्या तासाला, गणिताच्या खोलीत, गणिताचं पुस्तक उघडून बसले होते, एकटी! आणि घरी पत्र काय येतं? ‘आपली कन्या नोल्वेन गणिताला एकशे बत्तीस तास गैरहजर आहे.’ एकशे बत्तीस! तुम्हाला सांगते, एवढी दांडी मारायला माणसाला काही उद्योग तरी हवा हो... आमच्या एवढ्याशा मोर्ले गावात जाणार कुठे? रेल्वेच्या पुलाखाली उभं राहून वरून गाडी गेली की टाळ्या वाजवू?

बाबांनी पत्र वाचलं. बाबा कालवांच्या शेतीवर असतात, नुकतेच ओहोटीचं काम उरकून आलेले, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ते पत्र. म्हणाले, ‘पोरी, नसेल झेपत गणित तर तसं सांग. लपतेस कशाला?’ झेपत नसेल! बाबा, झेपायला आधी कुणीतरी शिकवावं लागतं ना?

कारण आमचे गणिताचे मास्तर जुलैत रिटायर झाले. आम्ही केक खाल्ला, त्यांना गळ दिला मासे धरायला, ते रडले, आम्ही रडलो... पुढे रडायला एवढं निमित्त मिळणार हे माहीत असतं तर थोडं राखून ठेवलं असतं. सप्टेंबरात वेळापत्रक लागलं, गणितापुढे नाव काय? ‘मस्यू क्ष’, म्हणजे श्रीयुत क्ष! आता गणितातला क्ष कसा असतो, थोडी खटपट केली की येतो बाहेर. हा नाही आला. सप्टेंबर नाही, नाताळ नाही, फेब्रुवारीची सुट्टी झाली, तरी नाही! मुख्याध्यापकांना विचारलं की ते चष्मा पुसतात आणि एकदम गोड आवाजात, ‘मुलांनो, काळजी करू नका. वर कळवलंय.’

वर कळवलंय! वर म्हणजे रेनला, शिक्षण खात्याच्या हापिसात. मी नकाशात बघितलं, रेन आमच्या खालीच आहे! पण सगळे म्हणतात वर. हीटर बंद आहे, कोट घालून भूगोल शिकतोय... वर कळवलंय. वर्गात छत्तीस मुलं आणि चौतीस खुर्च्या... वर कळवलंय. बरं, हे कळवणारे खोटं बोलतात असंही नाही, बिचारे खरंच कळवतात! फक्त वरून खाली काही येत नाही. पलीकडे पाद्र्यांची शाळा आहे, तिथे म्हणे गणिताला दोन दोन मास्तर. आमच्या वर्गातली चार मुलं गेली तिकडे. तेव्हा कुठे खुर्च्या पुरल्या! मग वरून पत्र आलं, ‘खुर्च्यांचा प्रश्न सुटल्याबद्दल अभिनंदन.’ शप्पथ!

आता मुद्दा ऐका. मास्तर नाहीत तेव्हा मुलांनी अभ्यासिकेत बसायचं. तिथे देखरेखीला ठेवलेला माळो नावाचा एक दादा हजेरी घेतो आणि मग स्वतःच पत्ते वाटतो. सगळा वर्ग तिथे, सगळे हजर! आणि मी शहाणी, मला ब्रेस्तला समुद्रावरच्या इंजिनिअरिंगला जायचंय, म्हणून गणिताच्या खोलीत बसून जुन्या पुस्तकातली गणितं सोडवतेय. तिथे हजेरी कोण घेणार? मस्यू क्ष! त्यांनी घेतली नाही, म्हणून कॉम्प्युटरने लावली गैरहजेरी. म्हणजे पत्ते कुटणारे गणिताला हजर आणि गणित करणारी गैरहजर! सांगा, कुणाला सांगायचं?

आणि हसू नका, बुधवारी संध्याकाळी कॉलेजप्रवेशाचे अर्ज बंद होणार होते. अर्ज भरला की प्रगतिपुस्तक आपोआप सोबत जातं, हजेरीसकट. ब्रेस्तवाले कागद बघणार, माझं तोंड थोडंच बघणार! गणिताला एकशे बत्तीस तास दांडी मारणारीला इंजिनिअरिंगला कोण घेईल हो? तीन रात्री मला झोप नाही. आठ वर्षांची असल्यापासून तिथे जायचं होतं मला.

मंगळवारी दहाला गेले हजेरीच्या मादाम त्रेव्हिदिक यांच्याकडे. मुलांना भेटायची वेळ दहा ते अकरा, एवढीच. आणि दहाला आमचा गणिताचा तास. पण त्या तासाचं काय, वर्षभर रिकामा! मादाम म्हणाल्या, ‘हे बघ नोल्वेन, हजर होतीस याला मास्तरांची सही लागते.’ म्हटलं, मादाम, मास्तरच नव्हते! ‘मग मास्तर नव्हते याला मास्तरांची...’ आणि थांबल्या. खरंच थांबल्या हो! माझ्याकडे बघितलं, मी रडायला लागलेच होते, मग दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, ‘जो तास झालाच नाही त्याला गैरहजर कसं राहता येईल?’ अहो, वर्षभरात शाळेत ऐकलेलं पहिलं शहाणं वाक्य! बसल्या आणि एकेक तास पुसला, एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस! वर न कळवता! मी त्यांच्या गळ्यातच पडले.

नाचत खाली आले तर समोरून अझेनोर, माझी मैत्रीण, धापा टाकत. ‘अगं होतीस कुठे? मास्तरीणबाई आल्या! पार लिल शहरातून! वरून पाठवल्या! अभ्यासिकेतून सगळ्यांना उठवून गणिताच्या खोलीत नेलं, पहिलं काम हजेरी घेतली, कागदावर सही करून लगेच वर मादामकडे धाडला!’

गेले धावत मास्तरीणबाईंकडे. साध्या, दमलेल्या, अजून प्रवासातली बॅग पायाशी. म्हणाल्या, ‘अगंबाई! आत्ता बदलते की. फक्त कॉम्प्युटरला माझा पासवर्ड लागतो, तो अजून आला नाही... मी वर कळवलंय.’

पुन्हा जिने चढून मादाम त्रेव्हिदिक यांच्याकडे! त्यांनी तो कागद नुकताच कॉम्प्युटरवर चढवलेला. डोक्याला हात लावला. ‘बाळा, आधीचे कॉम्प्युटरने लावले होते, ते मी काढले. हा मास्तरांच्या सहीचा आहे. खराखुरा आहे. याला मी हात नाही लावू शकत.’

बुधवारी संध्याकाळी अर्ज गेला. बाबा शेजारी उभे होते. स्क्रीनवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, ‘गणित. झालेले तास, एक. गैरहजर, एक.’ आधी एकशे बत्तीसपैकी शून्य हजर, आता एकापैकी शून्य हजर... टक्के तेवढेच हो! एवढं गणित मला मास्तरांशिवाय येतं.